तरफेची रायफल : पल्ला आणि धक्का

आजचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांच्या कपाळाला आठी पडेल. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यांतील १९९१ ची दुरुस्ती यांनीं आपल्या देशांतील शिकारीचा छंद संपला, आणि तो संपला हें बरेंच झालें, असें मानणाऱ्यांपैकीं मी एक आहें. परंतु मला सांगावयाचें आहे तें अमेरिकेच्या पूर्वभागांतील जंगलांविषयीं. तेथें पांढऱ्या शेपटीच्या हरिणांस आवर घालणारे लांडगे व प्यूमा बहुतेक ठिकाणीं फार पूर्वींच नाहींसे झाले. हरिणें बेसुमार वाढलीं कीं जंगलांतील कोवळीं रोपें वर येत नाहींत आणि शेतांची नासाडी होते. म्हणून दरवर्षीं ठराविक दिवसांत परवाना घेणाऱ्यास शिकारीची मुभा असते. आपले अनेक मराठी बांधव त्या देशांत स्थायिक झाले आहेत. त्यांतील एखादा शेजाऱ्याच्या संगतीनें या वाटेला जातो, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, "काडतूस कोणतें घ्यावें?" तो प्रश्न एके काळीं मींही विचारला होता, आणि त्याचें उत्तर मला फार उशिरां समजलें.

प्रथम बंदुकीविषयीं थोडेंसें. तरफेच्या रायफलीस चापाभोंवतीं एक लोखंडी कडी असते. ती खालीं ओढून पुन्हां वर घेतली कीं रिकामी पुंगळी बाहेर पडते, नवें काडतूस नळींत शिरतें आणि घोडा ताणला जातो. जॉन ब्राउनिंग या कल्पक कारागिरानें योजलेली विंचेस्टर कंपनीची १८९४ ची रायफल ही या घराण्यांतील सर्वांत नांवाजलेली. तिच्यासाठीं १८९५ सालीं निघालेलें थर्टी-थर्टी काडतूस हें अमेरिकेंतील शिकारीच्या बिनधुराच्या काडतुसांत अगदीं आरंभीचें. नांवांतील पहिले तीस म्हणजे नळीचा व्यास, इंचाच्या शंभराव्या भागांत. दुसरे तीस म्हणजे मूळच्या काडतुसांतील दारूचें वजन, ग्रेनमध्यें. त्याहून जुनें फॉर्टी-फाइव्ह सेव्हंटी. तें १८७३ सालीं अमेरिकन सैन्यासाठीं निघालें, व त्यांत काळी दारू सत्तर ग्रेन असे.

या बंदुकींपैकीं बहुतेकींचा काडतुसांचा कोठा नळीखालीं, दुसऱ्या नळीसारखा असतो. त्यांत काडतुसें एकामागें एक अशीं बसतात. म्हणजे मागच्या काडतुसाच्या गोळीचें टोंक पुढच्याच्या बुडाशीं, नेमकें पेटण्याच्या टोपीवर टेकतें. गोळी टोंकदार असेल तर धक्क्यानें कोठ्यांतच स्फोट होण्याचें भय. म्हणून येथें गोळ्या चपट्या वा बोथट तोंडाच्या घालतात. बोथट गोळीस हवा अधिक अडविते, तिचा वेग लवकर ओसरतो, आणि पल्ला तोकडा पडतो. २००६ च्या सुमारास मऊ, लवचिक टोंकाच्या गोळ्या निघाल्या व ही अडचण कांहींशी कमी झाली. सॅव्हेज कंपनीच्या १८९९ च्या रायफलींत फिरत्या चाकासारखा कोठा होता. त्यामुळें तिला टोंकदार गोळी पूर्वींपासूनच चालत असे.

आतां पल्ल्याचा विचार करूं. हरिणाच्या छातींतील हृदय व फुप्फुसें यांचा टापू सुमारें आठ इंच रुंद. गोळी तेथेंच लागली पाहिजे, आणि तेथवर पोंचतांना तिच्या अंगीं पुरेसें बळही उरलें पाहिजे. शिकारी लोक हरिणासाठीं एक हजार फूट-पौंडांचा ठोकताळा सांगतात. तो शास्त्राचा नियम नव्हे, पण अंदाजास उपयोगी आहे. थर्टी-थर्टीची १७० ग्रेन वजनाची गोळी सेकंदास सुमारें २२०० फूट वेगानें निघते. तोंडाशीं तिचें बळ सुमारें १८०० फूट-पौंड, १०० वारांवर साडेतेराशेंच्या आसपास, व २०० वारांवर हजाराच्या किंचित् खालीं. नेम १०० वारांवर जुळविला असेल तर २०० वारांवर ती सात-आठ इंच, कधीं थोडी अधिकही, खालीं उतरते. फॉर्टी-फाइव्ह सेव्हंटीची ४०५ ग्रेनची जुन्या धर्तीची गोळी त्याच अंतरावर सुमारें दोन फूट खालीं जाते. १९५२ चें थ्री-ओ-एट मात्र चार इंचांच्या आसपासच उतरतें. तेव्हां अंतर १०० वारांच्या आंतलें असेल तर हीं सर्व काडतुसें पुरेशीं आहेत. दीडशें वारांपुढें निवड करावी लागते.

आणि धक्का? सात पौंडांच्या रायफलींत थर्टी-थर्टीचा धक्का सुमारें अकरा फूट-पौंड, थ्री-ओ-एटचा सोळांच्या आसपास, आणि फॉर्टी-फाइव्ह सेव्हंटीचा साध्या काडतुसानेंही वीसच्या वर. जोरदार भरणीनें तर तीसच्याही वर जातो. बंदूक जितकी हलकी तितका तो अधिक. दस्त्याला रबराची गादी लावली तर तो खांद्यावर पसरतो, पण नाहींसा होत नाहीं.

येथें माझी स्वतःची हकीकत सांगतों. पेन्सिल्व्हानियांत असतांना पहिल्याच मोसमास मी एका स्नेह्याची फॉर्टी-फाइव्ह सेव्हंटी मागून घेतली. मोठी गोळी म्हणजे खात्रीची गोळी, हा माझा समज. नेम जुळवितांना तीन बार काढले. चौथा काढण्याची इच्छाच राहिली नाहीं. मोसमाच्या पहिल्या सकाळीं साठ पावलांवर हरिण उभें राहिलें. चाप ओढण्याच्या क्षणीं माझे डोळे मिटले आणि खांदा आपोआप पुढें झाला. गोळी छातींत न लागतां पोटांत लागली. मी आणि माझे वृद्ध शेजारी दिवस मावळेपर्यंत पानांवरील रक्ताचे थेंब पाहत हिंडलों. सांपडलें तेव्हां तें जिवंत होतें. शेजाऱ्यांनीं आपल्या जुन्या थर्टी-थर्टीनें त्याचे हाल संपविले आणि मला एक शब्दही बोलले नाहींत. तें मौन मला अजून टोंचतें. काडतुसांत बळाची वाण नव्हती. त्या बळाला मीच भ्यालों होतों.

पुढच्या उन्हाळ्यांत त्यांनीं मला एक साधी युक्ति शिकविली. बंदूक दुसऱ्यानें भरावी, कधीं काडतूस घालून, कधीं रिकामी पुंगळी घालून, आणि नेम धरणाऱ्यास तें कळूं देऊं नये. रिकाम्या पुंगळीवर चाप पडतांना नळीचें तोंड खालीं दचकलें तर समजावें कीं काडतूस आपल्याला झेपत नाहीं. दुसरी परीक्षा अंतराची. आठ इंचांची थाळी टांगावी, आणि जंगलांत जसें उभें राहूं वा बसूं तसें राहून पांच बार काढावे. ज्या अंतरावर पांचही गोळ्या थाळीवर लागतात, तेवढाच आपला पल्ला. डब्यावर कांहींही छापलेलें असो.

यावरून माझा सल्ला सरळ आहे. दाट जंगल आणि १०० ते १५० वारांच्या आंतील शिकार असेल, तर थर्टी-थर्टी घ्यावें. थोडी जड गोळी हवी असेल तर थर्टी-फाइव्ह रेमिंग्टन; त्याचा धक्का किंचितच अधिक. ओहायोसारख्या राज्यांत, जेथें २०१४ मध्यें सरळ भिंतीच्या पुंगळीच्या रायफलींस परवानगी मिळाली, तेथें फॉर्टी-फोर मॅग्नम १०० वारांपर्यंत पुरेसें असून त्याचा धक्का थर्टी-थर्टीच्या जवळपास आहे. शेतांच्या कडेला, २०० वारांवर नेम धरावा लागणार असेल, तर चौकोनी वा फिरत्या कोठ्याच्या तरफेच्या रायफलींत थ्री-हंड्रेड सॅव्हेज किंवा थ्री-ओ-एट घ्यावें. मात्र त्याचा धक्का आधीं थाळीपुढें सोसून पाहावा. फॉर्टी-फाइव्ह सेव्हंटी वाईट नाहीं, पण हरिणासाठीं तेवढ्या बळाची गरज क्वचितच पडते.

श्रोतेहो, ज्यास जीव घेण्याचा परवाना मिळतो, त्यानें तो जीव तडफडूं न देण्याची जबाबदारीही पत्करलेली असते. ती जबाबदारी ज्या काडतुसानें आपण डोळे उघडे ठेवून पार पाडूं शकतों, तेंच आपलें काडतूस.