रंगाआधी स्वभाव पाहावा
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



“टाकीसाठी रंगीत मासे कोणते घ्यावेत?” हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळजणींनी मला जिन्यात आणि भाजीवालीपाशी विचारला आहे. आमच्या घरी बरीच वर्षे मासे आहेत, एवढाच माझा अधिकार. आज सगळ्यांना एकदमच उत्तर देते.

टाकी अडीच फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे असे धरू. तिच्यात काठोकाठ 88 लिटर पाणी मावते. वाळू-दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता 70 ते 75 लिटर उरते. एवढ्या जागेत बिऱ्हाडे किती राहतील, हे आधी ठरवावे.

दुकानात आपण रंगाला भुलतो. पण तिथे दिसते ते पिल्लू. बोटाएवढा ऑस्कर पुढे जवळजवळ फूटभर होतो. गोल्डफिश देखणा खरा, पण तो घाण फार करतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. त्याला वाडग्यात ठेवणे म्हणजे माणसाला माळ्यावर कोंडणे होय. शेजारही पाहावा. टायगर बार्ब दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो, मोठा झालेला एंजल निऑन गिळतो, आणि दोन नर फायटर एकत्र नांदत नाहीत.

मग घ्यावे काय? ते पाण्यावरून ठरवावे. बोअरिंगच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर धरत असेल, तर ते जड पाणी. त्यात सहा प्लॅटी आणि सहा गप्पी मजेत राहतात. लाल, केशरी, निळे, सगळे रंग त्यांतच मिळतात. मात्र सगळे नरच घ्या, नाहीतर दोन-तीन महिन्यांत टाकीभर पिल्ले होतील! पाणी मऊ असेल तर दहा निऑन, सहा कोरी आणि हनी गौरामीची एक जोडी घ्यावी. निऑन थव्यातच खुलतो. एकटा राहिला तर बुजतो. त्याला फार उष्णता सोसत नाही, म्हणून उन्हाळ्यात पाण्यावर पंख्याचा वारा घ्यावा.

‘मिस केरळ’चा मोह मात्र आवरा. केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या नद्यांतली ही मासळी शोभेसाठी पकडून पकडून धोक्यात आली आहे. शिवाय आपल्या टाकीत तिला जागाही पुरत नाही.

टाकी भरली की त्याच दिवशी मासे सोडू नयेत. माशांच्या घाणीतून अमोनिया हे विष तयार होते, आणि ते पचवणारे सूक्ष्म जंतू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकावे. ते कुजते आणि जंतूंना पोसते. मग दर आठवड्याला चार-पाच मासे आणावेत. पुढे आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो.

आणि शेवटची विनंती. कंटाळा आला म्हणून मासे विहिरीत किंवा तळ्यात सोडू नका. असे सोडलेले सकर मासे आज देशातल्या अनेक पाण्यांत माजले आहेत आणि कोळ्यांची जाळी फाडीत आहेत. नकोसे झालेले मासे दुकानदाराला परत द्या, नाहीतर मैत्रिणीला द्या.

मुले हट्ट धरतील, तेव्हा एवढे त्यांना सांगा: हे घराचे शोभेचे सामान नव्हे, हा जीव आहे. मग मासे निवडायला त्यांना बरोबर न्या.