दात काढताना भूल : कोणती आणि केव्हा?



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी दातदुखीचा विषय काढतो, याबद्दल प्रथम क्षमा असावी. परंतु जळगाव-धुळ्याकडून ताप्ती लाइनने सुरतेस येऊन उधना, लिंबायत भागांत स्थिरावलेल्या आपल्या बांधवांचे दात तपासताना आम्हांला एकच गोष्ट वारंवार दिसते. किडका दात महिनोन् महिने लवंग व मिशेरीवर रेटला जातो. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले : "डॉक्टरसाहेब, भुलीची भीती वाटते. परत उठलोच नाही तर?"

ही भीती शब्दाच्या घोटाळ्यातून आली आहे. 'भूल' या एका शब्दात आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो.

पहिली जागेवरची भूल. हिरडीत सुई देऊन तेवढाच भाग बधिर करतात. स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालेले लिग्नोकेन हे औषध त्यासाठी सर्रास वापरतात. माणूस पूर्ण जागा असतो. दाब जाणवतो, कळ जाणवत नाही. बहुतेक दातांस एवढे पुरे होते. उपाशी येण्याचे कारण नाही. मधुमेही माणसाने तर जेवूनच यावे. ओठ काही तास बधिर राहतो, तेव्हा मुलांनी तो चावू नये म्हणून आईने लक्ष ठेवावे.

दुसरी गुंगी. फार धास्तावलेल्या माणसास गोळी, हसवणारा वायू किंवा शिरेतून औषध देतात. मन शांत होते, हाकेला ओ देता येते. सुई मात्र तरीही घ्यावी लागते. गोळी वा शिरेतले औषध घेतल्यास घरचे माणूस सोबत हवे आणि त्या दिवशी वाहन चालवू नये.

तिसरी पूर्ण भूल. ही रुग्णालयात, भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली देतात. आधी सहा तास अन्न आणि दोन तास पाणीसुद्धा वर्ज्य.

कोणतीही भूल असो; रक्तदाब, हृदयविकार, गर्भारपण, चालू औषधे, पूर्वी सोसलेली रिॲक्शन, यांपैकी काही लपवू नये. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

शेवटी एक अनुभव सांगतो. यंत्रमागावरचे एक बंधू पाळी बुडेल आणि भूल द्यावी लागेल, म्हणून दाढ सोसत राहिले. आले तेव्हा सूज जबड्याखाली उतरली होती, तोंड बोटभरही उघडत नव्हते. सुईने भागण्याची वेळ टळून गेली होती. पू काढण्यासाठी त्यांना रुग्णालयात पूर्ण भूलच द्यावी लागली. जिला भिऊन ते थांबले, थांबल्यामुळेच ती त्यांच्या वाट्याला आली! ते बरे झाले, हे आपले भाग्य.

म्हणून आमची एवढीच विनंती : दात ठणकू लागला की या. त्या वेळी एक सुई पुरते.