‘योजना’ कुणाकडेच नव्हती : ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’चा शेवट आणि आपली नाराजी

आजचा भाग एका जुन्या भांडणाबद्दल आहे. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’चा शेवटचा भाग २० मार्च २००९ ला दाखवला गेला. आजही दोन विज्ञानकथावेडे एकत्र बसले आणि हा विषय निघाला, की त्यातला एक जण हमखास कपाळाला हात लावतो. आधीच सांगून ठेवतो, पुढे मी सगळा शेवट फोडणार आहे. मालिका बघायची राहिली असेल तर इथेच थांबा, ती बघा आणि मग या. मी कुठे जात नाही.

ज्यांनी बघून बरीच वर्षं झालीत, त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. माणसानं सायलॉन नावाचे यंत्रमानव बनवले, ते उलटले. आता त्यांच्यात हुबेहूब माणसासारखे दिसणारेही आहेत. एका हल्ल्यात ते माणसांच्या बाराच्या बारा वसाहती बेचिराख करतात. उरतात ती पन्नासेक हजार माणसं, काही नागरी जहाजं आणि निवृत्तीला आलेली एक युद्धनौका. ही मंडळी पृथ्वी नावाची दंतकथेतली जागा शोधत निघतात. मूळ मालिका १९७८ ची, ग्लेन लार्सन यांची. आपण बोलतोय ती रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आईक यांनी २००३ मध्ये लघुमालिकेतून नव्यानं उभी केलेली.

आता मूर कुठून आले ते बघा, कारण सगळं भांडण तिथून सुरू होतं. ते ‘स्टार ट्रेक’मधले लेखक. ‘नेक्स्ट जनरेशन’ आणि ‘डीप स्पेस नाइन’वर त्यांनी अनेक वर्षं काम केलं. मग थोडाच काळ ‘व्हॉयेजर’वर गेले आणि बाहेर पडले. ‘व्हॉयेजर’ची कल्पना काय होती? घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर हरवलेलं एकटं जहाज आणि त्यावर एकमेकांशी न पटणारे दोन गट. पण प्रत्यक्षात काय दिसायचं? या आठवड्यात जहाज फुटलं तरी पुढच्या आठवड्यात चकाचक. टंचाई नाही, भांडण टिकत नाही, कशाची किंमत मोजावी लागत नाही. मूर यांची तक्रार नेमकी हीच होती, आणि मुलाखतींतून ती त्यांनी उघड बोलून दाखवली.

‘गॅलॅक्टिका’ हे त्या तक्रारीचं उत्तर होतं. पहिल्या हंगामाचा पहिला भाग आठवा. दर तेहतीस मिनिटांनी हल्ला, कुणी झोपलेलं नाही. राष्ट्राध्यक्षा रॉझलिन यांच्या मागे एक पांढरा फळा, त्यावर जिवंत माणसांचा आकडा. माणसं मेली की आकडा पुसून नवा लिहायचा. पाणी संपलं की त्यावर अख्खा भाग. शेवटच्या हंगामात तर नौकेच्या सांगाड्यालाच तडे जायला लागतात, म्हणजे आधीच्या प्रत्येक लढाईचा हिशोब तिच्या अंगावर निघतो. इराक युद्ध चालू असताना या मालिकेनं परक्या सत्तेखाली दबलेली माणसं दाखवली, आणि आत्मघाती हल्ले करणारी माणसं ‘आपली’ दाखवली. एवढी हिंमत त्या काळी दूरचित्रवाणीवर फार थोड्यांनी केली असेल.

मग नाराजी कशाची?

चाहत्यांच्या दोन तक्रारी असतात आणि बोलताना त्यांची गल्लत होते. पहिली : ‘शेवटी देवानं केलं म्हणून मोकळे झाले.’ स्टारबक मरते, परत येते, तिला स्वतःचंच प्रेत सापडतं, आणि शेवटी माळरानावर ली तिच्याशी बोलत असताना ती नाहीशी होते. स्पष्टीकरण शून्य. बाल्टरला दिसणारी ‘सिक्स’ देवदूत निघते. विज्ञानकथेत हे चालतं का?

माझं मत विचाराल तर ही तक्रार कमकुवत आहे. बाल्टरच्या डोक्यातली ‘सिक्स’ अगदी सुरुवातीपासून देवाबद्दल बोलते. रॉझलिनला दृष्टान्त होतात. यंत्रं एकेश्वरवादी आणि माणसं अनेक देव मानणारी, हे तर या मालिकेचं वैशिष्ट्य. चार हंगाम समोर बसलेला देव शेवटच्या भागात उठून बोलला म्हणून ‘हा कुठून आला’ असं म्हणता येत नाही.

दुसरी तक्रार मात्र खरी आहे. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत दर वेळी सायलॉनांची ओळख यायची आणि शेवटी ठणकावून सांगितलं जायचं की त्यांच्याकडे एक योजना आहे. हे वाक्य आईक यांच्या आग्रहानं आलं आणि अशी काही योजना ठरलेली नव्हती, हे मूर यांनीच नंतर सांगितलं. बरं, न ठरवता लिहिणं हा गुन्हा नाही. मालिका बऱ्याचदा अशाच लिहिल्या जातात. प्रश्न असा की त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडलं गेलं?

उदाहरण देतो. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी, मार्च २००७ मध्ये, चार ओळखीची माणसं अचानक सायलॉन निघतात. त्यातला एक टिरॉल. धक्का जबरदस्त होता, मान्य. पण टिरॉल आणि कॅली यांना एक मुलगा आहे, निकी. आणि कथेचा सगळा डोलारा तर यावर उभा, की हेरा हे माणूस आणि सायलॉन यांचं एकमेव मूल. मग निकीचं काय करायचं? पुढे एका भागात कळतं की निकीचा बाप टिरॉल नाहीच, हॉट डॉग नावाचा वैमानिक आहे. तोवर कॅलीचा खून होऊन गेलाय. लेखकांच्या चुकलेल्या गणिताचा डाग मेलेल्या बाईच्या माथी, आणि उत्तर द्यायला ती नाही. मला शेवटातल्या देवापेक्षा हे जास्त खुपतं.

आणि मग तो निर्णय. पृथ्वी सापडते, हिरवीगार, दीड लाख वर्षांपूर्वीची. आणि ली म्हणतो, तंत्रज्ञान सोडून देऊ, नव्यानं सुरुवात करू. सगळी जहाजं सूर्यात. अडतीसेक हजार माणसं तयार! औषधं, अवजारं, डोक्यावरचं छप्पर, सगळं सोडायला कुणी विरोध करत नाही. ज्या मालिकेत पाण्यावरून, इंधनावरून, निवडणुकीवरून बंडं झाली, तिथे या प्रश्नावर साधं मतदानही नाही. पहिल्या हिवाळ्यात किती मेले? फळ्यावरचा आकडा कुणी बदलला? ते मालिका विचारत नाही. म्हणजे ‘व्हॉयेजर’बद्दल मूर यांची जी तक्रार होती, तीच त्यांच्या शेवटाला लागू पडते : किंमत मोजायची वेळ आली आणि कॅमेरा वळला.

मूर यांची बाजूही ऐकायला हवी. ते दर भागावर स्वतःचा पॉडकास्ट करायचे, २००५ पासून. लेखकांच्या खोलीत काय चुकलं, काय ऐनवेळी सुचलं, हे मोकळेपणानं सांगायचे. २००७ च्या नोव्हेंबरपासून लेखकांचा संप झाला, चित्रीकरण थांबलं, आणि त्या काळात त्यांनी शेवटाचा पुन्हा विचार केला. कथानक सुटेना तेव्हा त्यांनी लेखकांच्या फळ्यावर स्वतःलाच दटावणारं वाक्य लिहिलं, मथितार्थ असा की कथा पात्रांची आहे. आणि तिथे ते जिंकलेही. विमानात ॲडामाशेजारी रॉझलिन जाते आणि तो न बांधलेल्या घराबद्दल तिच्याशी बोलत राहतो, तो प्रसंग नावडलेला माणूस मला तरी भेटलेला नाही.

‘निर्मात्यानं प्रेक्षकाचं काही देणं नसतं’ असं म्हणणाऱ्यांना म्हणून माझं सांगणं एवढंच : आपल्याला हवा तसा शेवट मागणं हा हट्ट आहे, तो सोडून द्यावा. पण मालिकेनं स्वतः घालून दिलेला नियम तिनं शेवटपर्यंत पाळावा, हे मागणं रास्त आहे. फळा त्यांनी टांगला होता, आपण नाही.

तुम्ही पुन्हा बघणार असाल तर एक करून बघा. प्रत्येक भागात कोण किंमत मोजतंय आणि ती पुढच्या भागात शिल्लक राहते का, एवढ्यावर लक्ष ठेवा. नेमकी कुठे ती राहायची थांबते, ते मला नक्की कळवा. माझ्या मते ते शेवटच्या भागाच्या बरंच आधी घडतं. भेटू पुढच्या भागात.