चैत्र, खुडूक कोंबडी आणि आपली मुले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षात पालकांच्या वतीने चार शब्द बोलण्याची संधी कार्यकारिणीने आम्हांला दिली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा अन्य वक्ते घेतीलच. आम्ही एक लहानसा, घरगुती विषय निवडला आहे. वसंत ऋतू, कोंबडीची पिल्ले आणि परप्रांतात वाढणारी आपली मुले, असा तो विषय. कार्यक्रमपत्रिकेत हे शीर्षक वाचून काहींच्या चेहऱ्यांवर हसू उमटले. ते स्वाभाविक आहे. विषय संपेपर्यंत ते टिकले तर आम्हांला आनंदच होईल.

मंडळाच्या वार्षिक सभेत एक प्रश्न हटकून निघतो. मुलांना मराठी समजते, पण ती उत्तर हिंदीत देतात. आजी-आजोबा सुट्टीत आले की संभाषण 'जेवलास का?' आणि 'अभ्यास कसा चाललाय?' यांच्यापुढे सरकत नाही. यावर उपाय म्हणून आपण वर्ग काढले, पाठांतराच्या स्पर्धा घेतल्या. त्यांचे मोल आहेच. परंतु स्पर्धेतला उतारा मुलगा व्यासपीठावरून उतरता उतरता विसरतो, आणि पतंगाच्या खेळातले सगळे हिंदी शब्द मात्र त्याला कोणी न शिकविता येतात. कारण उघड आहे. त्या शब्दांना त्याच्या हाताशी काम आहे. ज्या शब्दाला घरात काम उरत नाही, तो शब्द घरात फार दिवस राहत नाही.

हा विचार आमचा एकट्याचा नव्हे. ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचे धडे महाराष्ट्राबाहेर, भावनगरला, गिजुभाई बधेका यांच्यासमवेत गिरविले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ताराबाईंनी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालविल्या. मुले जेथे गुरे राखतात त्या कुरणातच जी भरते, ती कुरणशाळा. मूल जे हाताळते, ज्याची निगा राखते, त्यातूनच त्याचे शिक्षण सुरू होते, ही त्या कार्यामागची श्रद्धा होती. मंडळातील आम्ही काही कुटुंबांनी ती श्रद्धा आपल्या परसदारी आणून पाहिली. गेले काही वसंत ऋतू आम्ही मुलांसह कोंबडी रवणाला बसवीत आलो आहोत.

यासाठी वसंतच का, तेही सांगितले पाहिजे. उत्तर भारतातील या शहरात होळी झाली की दुसऱ्याच दिवशी शेजारी म्हणतात, 'चैत लग गया.' आपल्या घरच्या दिनदर्शिकेत मात्र अजून फाल्गुन असतो. मुले गोंधळतात. इकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. म्हणून शुद्ध पक्ष दोघांचा एकाच महिन्याचा आणि वद्य पक्षाचे नाव तेवढे निराळे. त्यांची चैत्र कृष्ण पंचमी ती आपली फाल्गुन वद्य पंचमी, म्हणजे रंगपंचमी. नववर्ष मात्र दोघांचेही चैत्र शुद्ध प्रतिपदेलाच सुरू होते. हा हिशेब पाटीवर मांडून मुलांना कधी नीट पटला नव्हता. कोंबडीने तो पटविला, तो असा.

कोंबडीचे अंडे उबण्यास एकवीस दिवस लागतात. आम्ही रंगपंचमीच्या दिवशी अंडी ठेवतो. अकराव्या दिवसाच्या सुमारास पाडवा येतो, तेराव्याच्या सुमारास चैत्रगौर बसते, एकोणिसाव्याच्या सुमारास रामनवमी येते आणि एकादशीच्या आगेमागे पिल्ले बाहेर पडतात. तिथीच्या क्षयवृद्धीने एखाद्या दिवसाचा फरक पडतो, तेवढाच. ज्या पंधरवड्याची नावे मुलांना पाठ होत नव्हती, तो पंधरवडा ती आता एकेक दिवस मोजून ओलांडतात. भिंतीवर खडूने रेघा ओढलेल्या असतात. एकही तिथी हुकत नाही.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. बाजारात मिळणारी अंडी यासाठी निरुपयोगी. मोठ्या कुक्कुटशाळांत अंड्यांवरच्या कोंबड्या कोंबड्याविना ठेवतात. त्यामुळे ती अंडी फळत नाहीत. अंडी हवीत ती ज्या घरी कोंबडा-कोंबडी एकत्र हिंडतात तेथली, आणि एका आठवड्याहून शिळी नसलेली. त्याच घरी बहुधा खुडूक कोंबडीही मिळते. अंडी घालणे थांबवून जी एका जागी फुगून बसते, जवळ गेल्यास पिसे फुलवून चोच मारते, ती खुडूक. आमच्या शेजारीणबाई तिला 'कुड़क' म्हणतात. आपला 'खुडूक' आणि त्यांचा 'कुड़क' हे भाऊभाऊ आहेत, हा शोध मुलांनीच लावला. एका भाषेच्या शेजारी दुसरी भाषा सुखाने नांदू शकते, हे त्यांना त्या दिवशी कोणी भाषण देऊन सांगितले नाही.

टोपल्यात गव्हाचे काड घालून दहा-बारा अंडी ठेवावीत आणि काळोख पडल्यावर कोंबडीला अलगद वर बसवावे. जागा आडोशाची असावी. मांजर आणि मुंगूस यांना तेथे वाट नसावी. कोंबडी दिवसातून एकदा दाणापाण्यासाठी उठते आणि थोड्याच वेळात परत येते. तेवढ्या अवधीत मुलांना टोपल्यात डोकावता येते. बसल्या बसल्या ती चोचीने अंडी उलथीपालथी करीत असते. अंडे एकाच कुशीवर राहिले तर आतला जीव कवचाच्या पापुद्र्याला चिकटून दगावतो. दाण्याची वाटी कोणी भरायची, पाणी कोणी बदलायचे, याच्या पाळ्या लागतात. आणि पाळी लागली की भांडण आलेच. आमच्या अनुभवास आले ते असे, की हे भांडण मराठीत होते. टोपले, खुराडे, डालगे, कणी, पेंढा, कवच, बलक हे शब्द दुसऱ्या कोणत्या भाषेतून मुलांजवळ आलेलेच नसतात. त्या वस्तूंशी त्यांची ओळख मराठीतूनच होते.

सातव्या दिवशी रात्री दिवे मालवून एकेक अंडे विजेरीच्या तोंडाशी धरावे. फळलेल्या अंड्यात लाल रेषांचे कोळ्यासारखे जाळे दिसते आणि मध्ये एक काळा ठिपका हलतो. हृदयाचे स्पंदन तर दुसऱ्या दिवसाअखेरीसच सुरू झालेले असते. ज्या अंड्यात काहीच दिसत नाही ते बाजूला काढावे. अकरा-बारा वर्षांची, एरवी क्षणभर स्वस्थ न बसणारी मुले या अंधारात श्वास रोखून उभी असतात, हे आम्ही दर वर्षी पाहतो.

मग पाडवा येतो. साखरेच्या गाठी या शहरात मिळत नाहीत. मुले बत्ताशांची माळ ओवतात. कडुनिंबाला नुकती तांबूस पालवी फुटलेली असते, ती तोडून गूळ, ओवा, हिंग, चिंच घालून वाटायची. तोंडे वाकडी होतात, पण पालवी त्यांनी स्वतः तोडलेली असल्याने तक्रारीचा सूर सौम्य असतो. तृतीयेला चैत्रगौर झोपाळ्यात बसते. अंगणात चैत्रांगण काढायचे असते. सूर्य, चंद्र, गोपद्मे, कासव, नाग, हत्ती, तुळशीवृंदावन अशी चिन्हे रेखता रेखता आमच्या मुलींनी एका कोपऱ्यात टोपल्यात बसलेली कोंबडी काढली. परंपरेत ती नाही. पण आलेल्या वडीलधाऱ्या बायकांनी हसून तिलाही हळदकुंकू वाहिले. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, सगळे रीतसर झाले. शेजारच्या पंजाबी आणि बंगाली बायकाही आल्या, आणि 'गौर पाहून झाली, आता तुमची ती कोंबडी दाखवा' असे म्हणाल्या.

अठराव्या दिवसानंतर कोणी टोपल्याला हात लावायचा नाही, असा नियम आहे. या दिवसांत अंड्यातून बारीक चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी खर्जातल्या आवाजात तिला उत्तर देते. पिल्लू अजून जगात आलेले नाही, पण आईचा आवाज त्याला ठाऊक झालेला आहे. मातृभाषा या शब्दाचा याहून सोपा अर्थ आम्हांला तरी कोणी समजावून दिलेला नाही.

पिल्लाच्या चोचीवर एक इवलासा टणक काटा असतो. त्याने ते आतून कवचाला भोक पाडते. भोक पडल्यावर मुलांना वाटते, आता निघाले! परंतु पुढे बारा तास, क्वचित त्याहूनही अधिक, काहीच घडत नाहीसे दिसते. मुले व्याकूळ होतात. 'आपण थोडे सोलू या ना,' अशी विनवणी सुरू होते. येथे पालकांनी ठाम राहिले पाहिजे. त्या स्तब्धतेत पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असते, पापुद्र्यातील रक्तवाहिन्या आटत असतात. घाईने कवच काढले तर त्या फुटतात आणि पिल्लू रक्तस्रावाने मरते. पोटात घेतलेल्या त्या बलकावर त्याचे पहिले दोन दिवस अन्नावाचूनही निभतात. मुलांसाठी सर्व काही चटकन करून टाकण्याची सवय जडलेल्या आम्हां आई-बापांना हे बारा तास फार शिकवितात. काही कवचे ज्याची त्यानेच फोडायची असतात.

सगळी अंडी फुटत नाहीत. दोन-तीन तशीच राहतात. कधी एखादे पिल्लू दुसऱ्या दिवशी मान टाकते. मुले रडतात, परसात खड्डा खणून त्याला पुरतात, वर गुलमेंदीचे रोप लावतात. हे त्यांच्यापासून लपवावे असे आम्हांला वाटत नाही. त्याहून अवघड प्रश्न पुढे येतो. निम्म्याच्या आसपास पिल्ले कोंबडे निघतात. त्यांचे काय होणार? आमच्यात शाकाहारी घरे आहेत, तशी मांसाहारीही आहेत. आम्ही असे ठरविले, की खोटे सांगायचे नाही. पिल्ले ज्या घरची, त्या घरी महिन्या-दीड महिन्याने परत जातात. तेथे कोंबड्या अंड्यांसाठी पाळतात आणि कोंबडे खातात. हे ऐकून एका घरातील मुलाने काही महिने मांसाहार सोडला, दुसऱ्या घरात त्यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली. ती चर्चा मराठीत झाली. दुःख, राग, न्याय-अन्याय यांविषयी मुले ज्या भाषेत आई-बापांशी वाद घालतात, ती भाषा त्यांची झाली असे समजावे.

काही व्यावहारिक सूचना. पिल्ले हाताळल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचे. स्वयंपाकघरात त्यांना प्रवेश नाही. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हापासून हा रोग देशाच्या निरनिराळ्या भागांत अधूनमधून उद्भवतो. तशी वार्ता असेल त्या वर्षी हा उपक्रम स्थगित ठेवावा. पिल्लांचे पाणी उथळ ताटलीत, मध्ये गोटे ठेवून द्यावे, म्हणजे ती बुडत नाहीत. बाजारात हिरवी-गुलाबी रंगविलेली पिल्ले विकतात, ती मुलांच्या हट्टाखातर कधीही घेऊ नयेत. आईवाचून आणि उबेवाचून त्यांतील फारच थोडी जगतात.

ज्यांना अंगण नाही, त्यांनी निराश होऊ नये. गच्चीच्या कठड्यावर किंवा कुंडीत होला चार काड्या टाकून घरटे करतो. पांढरी शुभ्र दोन अंडी, नर-मादी दोघे आळीपाळीने बसतात आणि सुमारे दोन आठवड्यांत पिल्ले निघतात. कोंबडीचे पिल्लू पहिल्याच दिवशी धावते आणि दाणे टिपते. होल्याचे पिल्लू आंधळे, जवळजवळ उघडे, सर्वस्वी आई-बापांवर विसंबलेले. मुलांना ही तुलना करू द्यावी आणि मग विचारावे, माणसाचे मूल कोणासारखे? येथे नियम एकच : दुरून पाहायचे, हात लावायचा नाही.

शेवटी एक माहिती सांगण्याचा मोह आवरत नाही. घरगुती कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. तो इकडच्या हिमालयाच्या पायथ्याच्या सालवनांत राहतो. आपल्या सह्याद्रीत राहतो तो करडा रानकोंबडा. कोंबडीच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग या करड्या रानकोंबड्याकडून आला असावा, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. म्हणजे परसात हिंडणाऱ्या पिवळ्या पायांच्या कोंबडीत उत्तरेचे रान आणि सह्याद्रीचे रान एकत्र नांदते आहे. आपल्या मुलांचेही तसेच आहे. त्यांनी इकडचे व्हावेच. सह्याद्रीचा रंग तेवढा पायांत राहावा, इतकीच आपली इच्छा.

मंडळाला आमची विनंती अशी. येत्या रंगपंचमीला चार-पाच कुटुंबांनी मिळून एक टोपले ठेवावे. ज्येष्ठ सभासदांपैकी ज्यांचे बालपण कोकणात, देशावर वा विदर्भात परसदारच्या खुराड्यांपाशी गेले, त्यांनी रोज सायंकाळी तासभर मुलांसोबत बसावे. मुलांना विचारण्यासारखे पुष्कळ असते आणि त्यांना सांगण्यासारखे. यासाठी वर्गणीची आवश्यकता नाही. मंडळाच्या खजिनदारांना हा भाग विशेष आवडेल.