भाकरी, साखर आणि आपली कंबर

प्रवरेच्या कांठीं लोणी येथें सन १९५० मध्यें सहकारी साखर कारखाना सुरू झाला, हें आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनीं शेतकऱ्यांस कारखान्याचे मालक करून दाखविलें, त्याचा आपणांस अभिमानही वाटतो. मला आज त्या कारखान्याविषयीं बोलावयाचें नाहीं. ती साखर आपल्या चहाच्या पेल्यांत, आणि पेल्यांतून शरीरांत गेल्यावर पुढें काय होतें, एवढेंच सांगावयाचें आहे. तिच्या जोडीला भाकरीचाही विचार करूं. कारण रसायनशास्त्राच्या दृष्टीनें दोघी एकाच कुळांतल्या.

बाजरींतलें पिष्ट म्हणजे ग्लुकोज नांवाच्या शर्करेचे कण एकमेकांस जोडून झालेली लांबच लांब माळ. लाळ व आंतड्यांतील पाचकरस ही माळ तोडतात आणि सुटे कण रक्तांत उतरतात. साखरेची माळ मात्र दोनच कणांची. एक ग्लुकोजचा, दुसरा फ्रुक्टोजचा. ती तुटावयास वेळ लागत नाहीं, आणि फ्रुक्टोजचा बराच भार यकृतावर पडतो. तें अतोनात झालें कीं यकृत त्याची चरबी बनवूं लागतें.

रक्तांतील ग्लुकोज वाढलें कीं स्वादुपिंड इन्शुलिन सोडतें. हा आपल्या कोठाराचा कारभारी. आलेला माल तो प्रथम यकृतांत व स्नायूंत ग्लायकोजनच्या रूपानें भरतो. परंतु हें कोठार लहान आहे. यकृतांत सुमारें १०० ग्रॅम व स्नायूंत ३०० ते ४०० ग्रॅम, म्हणजे जेमतेम एका दिवसाचा शिधा. चरबीच्या कोठारास मात्र भिंतच नाहीं. येथें एक गैरसमज सर्वत्र आढळतो. भाकरीची थेट चरबी होते असें लोक समजतात. तसें फारसें होत नाहीं. इन्शुलिन चढलेलें आहे तोंवर शरीर शर्करा जाळीत राहतें, चरबीच्या कोठारास कुलूप पडतें, आणि त्याच जेवणांतलें तेल-तूप तेथें जाऊन बसतें. भाकरी जळते आणि तेल शिल्लक राहतें, असें म्हटलें तर तें वस्तुस्थितीस अधिक धरून होईल.

एवढें कळलें म्हणजे, 'भाकरी-भात सोडा आणि आठवड्यांत दोन किलो उतरा' या उपदेशांतली मेखही कळते. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी सांठविलेलें असतें. कोठार रितें झालें कीं तें पाणी निघून जातें, कांटा खालीं येतो, मंडळी आनंदानें पेढे वाटतात, आणि ते पेढे खाऊन कांटा पुनश्च वर जातो. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत क्रिस्टोफर गार्डनर यांनीं ६०९ माणसांवर वर्षभर एक प्रयोग केला. तो २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला. एका गटानें स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्यानें पिष्ट व साखर. पहिल्याचें वजन सरासरीनें ५.३ किलो उतरलें, दुसऱ्याचें ६ किलो; हा फरक गणनेंत धरण्यासारखा ठरला नाहीं. साखर व मैदा टाळण्यास मात्र दोन्ही गटांस सांगितलें होतें.

आपल्याकडे तर वजनाच्या कांट्यावरच विसंबतां येत नाहीं. २००४ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत दोन सडपातळ डॉक्टरांचें छायाचित्र आलें होतें. एक पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांच्या उंची-वजनाचा अंक एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के! पुण्याजवळच्या सहा गांवांत १९९३ पासून याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गर्भवती स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकाचें वजन सरासरीनें २.७ किलो, इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकाचें ३.५ किलो. आमचें मूल स्नायूंत उणें होतें, त्वचेखालच्या चरबींत मात्र जवळजवळ बरोबरीचें. आईच्या पोटांतच ज्यास टंचाईची संवय लागते, तें शरीर पुढें सुबत्ता आली कीं गोंधळतें, असा या संशोधनाचा रोख आहे.

टंचाई आपल्या जिल्ह्यास नवी नाहीं. अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचें अहमदनगर, याचा मोठा भाग पर्जन्यछायेंत आहे. १८७६ व १८९६ चे दुष्काळ येथें पडले, आणि १९७२ सालीं दुष्काळी कामावर खडी फोडून अमेरिकेंतून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी खाल्लेलीं माणसें अजून हयात आहेत. त्यांचीं नातवंडें आतां खुर्चीवर बसून काम करतात. चाळिशींतला एखादा कृश कारकून, ज्यास घरचे 'कांहीं तरी खा' म्हणून आग्रह करतात, तो कांहीं निमित्तानें रक्त तपासून घेतो आणि मधुमेह निघतो. तेव्हां सर्व घर म्हणतें, 'हा तर काडीसारखा!' काडीसारखे हातपाय आणि पुढें आलेलें पोट, हीच ती खूण.

पाथर्डी-जामखेडच्या बाजूनें दर वर्षीं ऊंसतोडीस निघणाऱ्या जोडप्याची गोष्ट वेगळी. पहाटे थापलेल्या भाकऱ्या आणि ठेचा, मग दिवसभर कोयता व मोळी. त्यांचें कोठार रोज रितें होतें. त्यांना या भाषणाचा उपयोग नाहीं. त्यांना अधिक डाळ आणि अधिक विसांवा मिळाला पाहिजे. त्यांनीं तोडलेल्या उंसाची साखर आपण पितों. दिवसाला चार पेले व पेल्यास दोन चमचे धरले, तर ४० ग्रॅम साखर, १६० उष्मांक झाले. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ मध्यें जी इष्ट मर्यादा सुचविली, ती दिवसाकाठीं सुमारें २५ ग्रॅमची आहे. पाहुण्यांच्या घरचा चहा आणि बिस्किटें मीं हिशेबांत धरलींच नाहींत.

मग गव्हाची पोळी टाकून बाजरीची भाकरी धरली कीं भागलें काय? २०२३ हें भरडधान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून बाजरीचीं बिस्किटेंसुद्धां विक्रीस आलीं आहेत, आणि लोक तीं औषधासारखीं खातात. वास्तविक बाजरी, गहूं, तांदूळ यांच्या उष्मांकांत फारसें अंतर नाहीं. भाकरी कोंड्यासकट दळलेल्या पिठाची असते, म्हणून तिची शर्करा सावकाश उतरते, एवढा तिचा गुण. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२५ मध्यें आले. आपल्या आहारांतली सुमारें ६२ टक्के ऊर्जा पिष्ट व साखर यांतून येते, आणि एक धान्य काढून दुसरें घातल्यानें, एकूण मात्रा तीच राहिली तर, मधुमेहाचा धोका घटलेला दिसत नाहीं. त्यांतला थोडा वांटा डाळी-दुधाच्या प्रथिनांनीं घेतला तर घटलेला दिसतो.

हें वाचून मला आपलीं जुनीं ताटें आठवलीं. भाकरीबरोबर पिठलें असे, मटकीची उसळ असे, हिंवाळ्यांत हुलग्याचे शेंगोळे असत. शहरांत आल्यावर आम्हीं भाकरी सोडली याचें मला तितकेंसें दुःख नाहीं. हुलगा सोडला याचें आहे. पोळी, बटाट्याची भाजी, भात आणि वर गोड चहा, या जेवणांत पिष्टाबरोबर पिष्टच वाढलेलें असतें. पांच पोळ्यांच्या जागीं तीन घ्याव्या, उसळीची वाटी दुप्पट करावी, आणि जेवणानंतर लगेच आडवें न होतां पंधरा मिनिटें चालून यावें. स्नायू हलले म्हणजे ते रक्तांतली शर्करा ओढून घेतात.

घरांत वजनाचा कांटा नसेल तरी अडत नाहीं. एक सुताची दोरी घ्या. डोक्यापासून टांचेपर्यंत आपल्या उंचीइतकी ती कापा, मधोमध दुमडा, आणि ती दुमडलेली दोरी श्वास न ओढतां बेंबीवरून कंबरेभोंवतीं घाला. टोकास टोंक मिळत नसेल, तर आपण दिसावयास कितीही कृश असलां तरी उद्यां सकाळीं उपाशीं पोटीं रक्त तपासून या.