नाताळचं ताट
(रौप्यमहोत्सवी वर्षातील डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



नाताळला घरी केलेल्या भेटींबद्दल पाच मिनिटं बोला, असं मला सांगितलंय. आमच्याकडे अशी भेट एकच, फराळाचं ताट. पंचवीस वर्षं ते तुमच्या दारात येतंय. आज त्याची थोडी माहिती सांगते.

माझं माहेर गोव्याचं. तिथे नाताळच्या फराळाला कुस्वार म्हणतात आणि तो शेजारीपाजारी पाठवण्याच्या रिवाजाला कोन्सुआद. शब्द पोर्तुगीज आहे. पोर्तुगालमध्ये 24 डिसेंबरच्या रात्रीच्या जेवणाला कोन्सोआदा म्हणतात. गोव्यात त्याच नावाचं ताट वाड्यावर फिरायला लागलं. ताटातले पदार्थ मात्र तुमच्या ओळखीचेच. नेवरी म्हणजे आपली करंजी. गोव्यात हिंदू घरात ती चवथीला होते, आमच्याकडे नाताळला. दोस म्हणजे चणाडाळ, नारळ आणि साखर आटवून केलेल्या वड्या. दोदोलला तांदळाचं पीठ, माडाचा गूळ आणि नारळाचं दूध लागतं. ते कडा सोडून तेल सुटेपर्यंत सारखं ढवळायचं. एकटीचा हात भरून येतो, म्हणून शेजारीण लागतेच. बेबिंकचा एकेक थर वेगळा भाजायचा, निदान सात तरी. 2023 साली त्याला जीआय मानांकनही मिळालं.

मुलांचं काम कलकल वळायचं. मैदा नारळाच्या दुधात मळायचा, छोटी गोळी नव्या कंगव्यावर दाबून पसरायची आणि गुंडाळायची, की शिंपल्यासारखा आकार येतो. मग तळून साखरेत घोळायचे. बी विंगमधली किती तरी मुलं आज नोकरीला लागली आहेत, पण कलकल वळायला ती आमच्याच टेबलावर शिकली. अर्धं पीठ कच्चंच पोटात जायचं, ते वेगळं!

आता कोणी म्हणेल, काकू, एवढा खटाटोप कशाला? मोबाइलवरून मागवलं की तासाभरात बॉक्स येतो. येतो ना, आणि चांगलाही असतो. नोकरी करून घर सांभाळणाऱ्या सुनांनी तो मागवला तर मी नाव ठेवणार नाही. पण बॉक्स सगळ्यांना सारखाच जातो. घरी करताना मात्र एकेक घर डोळ्यांसमोर येतं. तिसऱ्या मजल्यावर अंडं चालत नाही, तर त्यांच्या नेवऱ्या आणि कलकल आधी, ताज्या तेलात तळायचे, केकचं भांडं नंतर काढायचं. समोरच्या आजोबांना साखरेचा त्रास, त्यांना गोड कमी आणि सोबत चिवडा. एका घरात दात नसलेल्या आजी, त्यांना मऊ दोदोल जास्त. हे सगळं दुकानदाराला कुठून कळणार?

आणि एक गोष्ट आहे, ती मला आज मुद्दाम सांगायची आहे. आमच्या गावात ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला असेल, त्या घरात नाताळला कढई चढत नाही. त्या घराकडे ताट आठवणीने जातं. तुमच्याकडे दिवाळीला हेच आहे. दुःखाचं वर्ष असलं की घरात फराळ होत नाही, तो शेजारचे आणि नातेवाईक आणून देतात.

आमचे हे गेले, त्या वर्षी मी काहीच केलं नाही. 24 तारखेला संध्याकाळी बेल वाजली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी रव्याचे लाडू घेऊन उभ्या होत्या. मग चकल्या आल्या, शंकरपाळे आले, कोणाच्या तरी सुनेने आयुष्यात पहिल्यांदाच केलेल्या नेवऱ्या आल्या, त्यातल्या निम्म्या तळताना फुटलेल्या. रात्रीपर्यंत टेबलावर जागा राहिली नाही. कोणी फार बोललं नाही. पण त्या रात्री मिस्साला जायचं बळ मला त्या ताटांनी दिलं.

गेली तीन-चार वर्षं बघते, दिवाळी असो की नाताळ, बॉक्स वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवले जातात आणि वर मेसेज येतो. दार उघडलंच जात नाही. मग कोणाच्या घरी दुःख आहे, कोण एकटं आहे, हे कळायचं कसं? आपल्या इमारतीत आज एकटी राहणारी ज्येष्ठ माणसं आहेत. नवीन आलेल्या भाडेकरूंची तर आपल्याला नावंही माहीत नाहीत.

म्हणून कमिटीला एक विनंती. नाताळच्या आधीच्या रविवारी हॉल द्या. मी दोदोलची कढई आणते. पीठ प्रत्येकाने आपापलं मळून आणा, कंगवे नवे आणा! ज्यांना वळता येतं त्यांनी शिकवा, ज्यांचे हात दुखतात त्यांनी खुर्चीत बसून सूचना करा, ते तर आपल्याला छान जमतं. पहिली ताटं त्या घरांची, जिथे यंदा काही होणार नाही. मग एकट्यांची, मग आपले वॉचमन आणि सफाई करणाऱ्या मावशींची. उरलं तर आपलं.

ताट हातात घेऊन जा, बेल वाजवा आणि दोन मिनिटं बसा. परत देताना ताटली रिकामी देऊ नये, हे मी तुम्हाला सांगायला नकोच. चिमूटभर साखर घातली तरी पुरे.

सगळ्यांना नाताळच्या आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा.