आधी जळालेलं घर उभं करा
(नांदेड-लातूरच्या चित्रकार पोरांपुढे केलेलं भाषण)



तुमच्या फायली पाहिल्या. कागदावरची स्केचेस पाहिली, पेनड्राईव्हवर आणलेली थ्री-डी मॉडेल्स पाहिली. हात बरा आहे, काहींचा तर चांगलाच तयार आहे. पण एक सवाल करतो, राग मानू नका. ह्या पोर्टफोलिओत नांदेड कुठं आहे? लातूर कुठं आहे? ड्रॅगन आहेत, जपानी तलवारी आहेत, चिलखतातले परदेशी सैनिक आहेत. ज्या वस्तीतून तुम्ही सकाळी चहा पिऊन आलात ती वस्ती एकाही फायलीत नाही. गावानं आपल्याला कुसाबाहेर ठेवलं. आता आपणच आपल्याला चित्राबाहेर ठेवायचं काय?

तुम्ही म्हणाल, कंपनीला ड्रॅगनच लागतो. लागू द्या की. पण तोच ड्रॅगन महागड्या क्लासमधल्या पोरानं तुमच्यापेक्षा भारी मशीनवर आधीच केलेला असतो. आणि आता तर यंत्राला दोन ओळी लिहून दिल्या की तेही ड्रॅगन काढून देतं. त्याच्या पोटात ड्रॅगनचे ढीग आहेत. तुमच्या आजीचं घर त्याच्या पोटात नाही. ते तुमच्याकडे आहे.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात वस्त्या जळाल्या. टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंचा खून पाडला. पुढं १९९३ मध्ये याच नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. नाव मिळालं. पण जळालेली घरं कशी होती? ज्या घरात कॅमेरा कधी शिरलाच नाही त्या घराचा फोटो कुठून येणार? ती घरं बघितलेली माणसं मात्र अजून आहेत. दरवर्षी त्यातली काही जातात. त्यांच्याबरोबर घरही दुसऱ्यांदा जळतं.

तेव्हा पहिलं काम हे. म्हाताऱ्या माणसापुढं वही घेऊन बसा. दार कुठल्या दिशेला होतं? चूल कुठं? भिंत कुडाची की दगडमातीची? बाबासाहेबांचा फोटो कुठल्या भिंतीवर? त्यांच्यासमोर रेघ मारा. ते म्हणतील, "असं नव्हतं बाबा, दार बुटकं होतं." पुसा, परत काढा. ही खरी टीका. मग ते घर ब्लेंडरमध्ये मीटरच्या मापानं उभं करा. ब्लेंडरला पैसा पडत नाही, २००२ पासून त्याचा कोडही सगळ्यांना खुला आहे. चित्र काढायला क्रिटाही फुकट आहे. जुन्या कॉम्प्युटरवर जुनी आवृत्ती चालवा.

तुमच्या मॉडेलातल्या भिंती कागदासारख्या आहेत. त्यांना जाडी नाही, वजन नाही. लातूरच्या पोरांना तरी हे सांगायला लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात हजारो माणसं मेली ती कशानं? मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदावरच्या मातीच्या ओझ्यानं. कुडाची, पत्र्याची खोपटी हलकी होती. घर कशाचं आहे यावर जगणं-मरणं ठरतं. ते मॉडेलात दिसलं पाहिजे.

माणसाचंही तेच. तुमची माणसं हवेत तरंगतात. मोंढ्यात जा, पोतं उचलणारा हमाल बघा. वजन कुठल्या पायावर आहे, कंबर कुठं मुडपते, मानेची शीर कशी तट्ट होते. एकेका मिनिटात एकेक स्केच, रोज वीस. ते कळलं की मॉडेलच्या कोपराला, गुडघ्याला जाळीच्या रेघा कुठून फिरवायच्या हे आपोआप कळतं. लातूरकरांनी गंजगोलाईत बसावं. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं. पर्स्पेक्टिव्ह शिकायला याहून मोठी शाळा कुठली पाहिजे?

नक्कल करू नका असं मी म्हणत नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भिंती उतरवून घेत होते. अजिंठा आपल्याच मराठवाड्यात आहे, बुद्धाचा आहे. तुम्हीही उतरवा. त्या चित्रकारांनी रंगाआधी रेघ मारली, हे हातानं समजून घ्या. पण नक्कल शिकण्यासाठी. ती सरावाच्या वहीत राहू द्या, फायलीत नको.

फायलीत चाळीस कामं कोंबू नका. दहा ठेवा. बघणारा तुम्हाला तुमच्या सगळ्यात कच्च्या कामावरून तोलतो. एक मॉडेल पूर्ण दाखवा. आधी स्केचेस, मग नुसती जाळी, मग रंगाशिवाय करडं रूप, शेवटी रंग-उजेड. करड्या रूपात जे पडकं दिसतं ते रंगानं झाकत नाही. आणि एकाच दिव्यात बघा. चार बाजूंनी उजेड मारून चुका लपतात, आकार पण लपतो.

नोकरी मिळवा. पगार घ्या, चांगला घ्या. आपल्या आज्यांनी फुकट राबून दिलंय, पुरे झालं. कंपनी सांगेल तो ड्रॅगनही करा. पण त्या दहा कामांत एक घर आपलं असू द्या, दार बुटकं असलेलं. मुलाखतीत कुणी विचारलं, हे काय आहे, तर मान खाली घालू नका. गाव सांगा. साल सांगा. कुणी जाळलं तेही सांगा.

जय भीम.